फोर-के पडदा आणि ‘उद्घाटन’मधला घ

‘उद्घाटन’ हा शब्द ९ पॉइंटात बसवा आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्क्यांवर बघा. द-च्या खाली लोंबणारा घ आहे की ध, हे पडद्यावर पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही. ९ पॉइंट म्हणजे इंचाचा आठवा भाग, विंडोजच्या इंचाला ९६ ठिपक्यांच्या हिशेबाने १२ पिक्सेल. तेवढ्यात वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षराचा देह आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा खालचा तुकडा, असा सगळा संसार मांडायचा असतो. खालच्या तुकड्याच्या वाट्याला तीन-चार पिक्सेल येतात. घ आणि ध यांच्यात फरक करणारी डोक्यावरची गाठ जेमतेम एका पिक्सेलात उरकली जाते, आणि तो पिक्सेलही काळा नसतो, करडा असतो. द्व आणि द्ध, ट्ट आणि ट्ठ, कृ आणि क्र, रु आणि रू, सगळ्यांची हीच गत. स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर ‘उद्धाटन’ छापून जातं ते दरवेळी जुळणी करणाऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे. पुष्कळदा पडद्याने ते दाखवलेलंच नसतं.

इंदूरच्या रामबागेत मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका आणि लग्नपत्रिका यांची अक्षरजुळणी करताना हा प्रश्न रोजचा. म्हणून जुन्या तीन फुल एचडी मॉनिटरपैकी एक बदलताना २७ इंची क्यूएचडी आणि २७ इंची फोर-के असे दोन्ही आठवडाभर टेबलावर ठेवले आणि त्याच पानांवर तेच काम केलं. कोणाला काय मिळतं आणि कुठे खिसा फाटतो, ते त्या आठवड्यात कळलं.

आधी गणित, कारण दुकानात ते कुणी करून देत नाही. रिझोल्यूशनचा आकडा एकटा काही सांगत नाही. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. २४ इंची फुल एचडी (१९२०×१०८०) म्हणजे इंचाला ९२. तेच १९२०×१०८० २७ इंचावर ताणलं की ८२, म्हणजे मोठा पडदा घेऊन अक्षर उलट बिघडलं. २७ इंची क्यूएचडी (२५६०×१४४०) म्हणजे १०९. २७ इंची फोर-के (३८४०×२१६०) म्हणजे १६३, आणि ३२ इंची फोर-के १३८. आता हेच ९ पॉइंटाच्या अक्षराला लावा. अक्षर खऱ्या छापील आकारात दिसेल एवढा झूम ठेवला, तर २४ इंची फुल एचडीवर त्याला साडेअकरा पिक्सेल मिळतात, क्यूएचडीवर साडेतेरा आणि २७ इंची फोर-केवर वीस. क्यूएचडीने दोन पिक्सेल वाढले, फोर-केने नऊ. देवनागरीच्या जोडाक्षरांना क्यूएचडीच्या वरचे हे सात पिक्सेलच लागतात. हिशेबाच्या तक्त्यांसाठी, इंग्रजी पत्रव्यवहारासाठी किंवा नुसती जागा हवी म्हणून मॉनिटर घेणार असाल, तर क्यूएचडी पुरतो आणि बरेच पैसे वाचतात. बारीक मराठी मजकूर दिवसभर वाचायचा असेल तर तो अर्धवट उपाय आहे.

दुसरं गणित अंतराचं. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. डोळा पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हा तपशील ०.१७ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला सुमारे १४५ पिक्सेल. ७० सेंटिमीटरवर तो १२५ होतो. २७ इंची फोर-केचा पिक्सेल ०.१५५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून तो सुटा दिसत नाही. मीटरभर लांब बसून बघणाऱ्याला इतक्या बारीक पिक्सेलांचा उपयोग नाही. डोळ्यांना चाळिशी लागलेली असेल आणि पडद्याच्या अंतराचा चष्मा केलेला नसेल, तर आधी चष्म्याचा नंबर, मग मॉनिटर.

टेबलही मोजून घ्यावं. २७ इंची पडदा जवळजवळ ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याचा स्टँड वीसेक सेंटिमीटर खोली खातो. टेबल ५० सेंटिमीटर खोलीचं असेल तर पडदा नाकाशी येतो आणि कोपरे बघायला मान वळवावी लागते. मागे १००×१०० मिलिमीटर अंतरावरची चार भोकं आहेत ना, एवढं पाहून घेतलं की पडदा भिंतीवरच्या किंवा टेबलाच्या कडेला आवळायच्या आर्मवर चढवता येतो. स्क्रू एम-४ मापाचे लागतात. फार लांब स्क्रू आवळत राहिलात तर ते आत पॅनेलच्या पाठीला भिडतात, तेवढं सांभाळायचं.

खरेदीला सिल्व्हर मॉलमध्ये जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची पीडीएफ न्यावी: ९ पॉइंटाचा भरगच्च मजकूर, तळटिपा असलेलं एक पान, आणि काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं असलेलं एक पान. दुकानात पडद्यावर समुद्र, पोपट आणि फळांचे व्हिडिओ चालू असतात. त्यावरून रंग भडक आहेत इतकंच समजतं. मग पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच पडदे लावून अडकलेला पिक्सेल शोधायचा. फोर-केवर पिक्सेल चौपट, म्हणजे एखादा बिघडलेला असण्याची शक्यताही जास्त. किती बिघडलेले पिक्सेल असले तर कंपनी बदलून देते हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते पैसे देण्याआधी विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती जोडणीत. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर ८२,९४,४०० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, ६० वेळा, म्हणजे नुसत्या चित्राचेच सुमारे १२ गिगाबिट झाले. मधल्या रिकाम्या जागा धरून हा आकडा १४ च्या वर जातो. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्षात आठेकच वाहतात, म्हणून ते फोर-के दाखवतं पण ३० हर्ट्झवर. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवं. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला दहाव्या पिढीपर्यंत एचडीएमआय १.४ च आहे, २.० अकराव्या पिढीपासून आलं. आठव्या-नवव्या पिढीच्या स्वस्त मदरबोर्डवर बहुधा व्हीजीए आणि एचडीएमआय एवढंच असतं, डिस्प्लेपोर्ट नसतोच. अशा मशीनला नवा मॉनिटर लावला की चित्र येतं, सुंदर दिसतं, आणि माउस हलवला की बाण उड्या मारत जातो. पान सरकवलं की ओळी थरथरतात. मॉनिटर सदोष आहे असं वाटून लोक तो परत करायला निघतात. दोष त्याचा नसतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे ३० हर्ट्झ लिहिलेलं सापडेल.

इथे दुकानदार ग्राफिक्स कार्ड काढून देतो आणि म्हणतो, “फोर-के सपोर्टेड है।” खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगतो. जीटी ७१० जातीच्या कार्डाला एचडीएमआय १.४ आहे, म्हणजे पैसे खर्चून पुन्हा ३० हर्ट्झवरच. जीटी १०३० ला एचडीएमआय २.० आहे, ६० मिळतात, आणि ते ३० वॅटच घेत असल्याने पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागत नाही. आम्ही जुन्या मशीनला याच प्रकारचं कार्ड लावलं. नुसती जुळणी आणि वाचन यासाठी याहून मोठं कार्ड लागत नाही.

हर्ट्झ दाखवणाऱ्या सेटिंग्जच्या त्याच पानावर ‘कलर फॉरमॅट’ असतो, तोही बघा. तिथे आरजीबी किंवा ४४४ हवं. ४२० असेल तर ६० हर्ट्झ मिळवण्यासाठी रंगाची माहिती चतुर्थांशावर आणलेली असते. सिनेमात हे डोळ्यांत येत नाही, अक्षरात लगेच येतं. सोबत नेलेलं काळ्यावरच्या लाल अक्षरांचं पान इथे कामाला येतं. ४२० असेल तर लाल वेलांट्या फाटक्या दिसतात आणि अनुस्वार कुंकू फिसकटल्यासारखा पसरतो. पत्रिकेचं काम करणाऱ्याने तर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

केबलचंही तसंच. एचडीएमआय २.० साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ छाप असलेली, दोन मीटरच्या आतली घ्यावी. कपाटातली जुनी पाच मीटरची लावली तर पडद्यावर चमचम ठिपके उठतात, किंवा मध्येच सेकंद-दोन सेकंद काळोख होऊन चित्र परत येतं. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारा दोन-तीनशे रुपयांचा साधा कन्व्हर्टर ६० हर्ट्झ देत नाही, ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला लागतो. शिवाय तो एका दिशेनेच चालतो: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटा लावून काही दिसत नाही. हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलींची आणखी एक खोड आहे. त्यांत विसाव्या पिनला तार जोडलेली असते. मानकाप्रमाणे ती जोडायची नसते. जोडली की मॉनिटरकडून कॉम्प्युटरकडे वीज उलटी जाते आणि कधीकधी मशीन सुरूच होत नाही. केबल काढून सुरू केलं तर चालू होतं. मदरबोर्ड गेला असं समजण्याआधी केबल बदलून बघा.

लॅपटॉप यूएसबी-सीने जोडणाऱ्यांसाठी एवढंच: त्या केबलीत चार मार्गिका असतात. मॉनिटरच्या मागचे यूएसबी पोर्ट वेगाने चालवायचे असतील तर दोन मार्गिका तिकडे जातात आणि जुन्या लॅपटॉपवर फोर-के ३० हर्ट्झवर उतरतं. मॉनिटरच्या मेन्यूत रिझोल्यूशन आधी की यूएसबीचा वेग आधी, असा पर्याय सापडतो. रिझोल्यूशन निवडा. कीबोर्ड-माउसला वेग लागत नाही.

जोडणी नीट झाली की स्केलिंग, म्हणजे पडद्यावरची अक्षरं आणि आयकॉन किती पट मोठे दाखवायचे ते. इथे बहुतेकांचा एक समज मोडतो. फोर-के घेतला की पडद्यावर चौपट जागा होईल असं वाटतं. १०० टक्क्यांवर ती होतेही, पण मेन्यूतली अक्षरं दोन मिलिमीटरच्या खाली जातात. विंडोज २७ इंचाला १५० टक्के सुचवतं. त्यावर मेन्यूचं जे अक्षर जुन्या २४ इंचावर ३.३ मिलिमीटर होतं, ते २.८ होतं. तरुण डोळ्यांना चालतं. मुद्रितशोधनाला बसणाऱ्या साठीच्या काकूंना नाही चालत. जुन्याच आकाराची अक्षरं हवी असतील तर १७५ टक्के लावावे लागतात, आणि तेव्हा कामाची जागा २१९४×१२३४ एवढीच उरते, म्हणजे क्यूएचडीपेक्षाही कमी. फोर-केचे पैसे स्पष्टपणासाठी मोजायचे, जागेसाठी नाही. जागा हवी असेल तर ३२ इंची बघा. १७५ चा आणखी एक फायदा हाताशी लागला. त्यावर १०० टक्के झूम म्हणजे जवळपास खरा छापील आकार होतो, नेमका हवा तर झूम ९७ ठेवायचा. १५० टक्के स्केलिंगवर खऱ्या आकारासाठी झूम ११३ ठेवायचा. एकदा पडद्यावर प्लास्टिकची फूटपट्टी धरून खात्री करून घ्या, म्हणजे पुन्हा मोजायला नको. मनाने १६० किंवा १७० असा आकडा मात्र टाकू नका. कस्टम स्केलिंग शेजारच्या जुन्या मॉनिटरलाही लागू होतं आणि तिथलं सगळं अवाढव्य होऊन बसतं.

अडचण आहे ती जुन्या सॉफ्टवेअरची, आणि मराठी जुळणीच्या धंद्यात ती टाळता येत नाही. पानं जुळवायचं पेजमेकर ७ हे २००१ सालचं. जुन्या फॉन्टांत बसवलेल्या शेकडो पानांच्या फायली अजून त्यातच उघडाव्या लागतात. त्या काळच्या प्रोग्रॅमला ९६ पलीकडचा पडदा माहीतच नाही. मग विंडोज त्याची खिडकी ९६ च्या मापाने काढून घेते आणि फोटो ताणावा तशी पावणेदोन पट ताणते. अक्षराला पुन्हा तेच १२ पिक्सेल, वर धुरकटपणा. इतका खर्च करून नेमक्या कामाच्या खिडकीत जुन्याहून वाईट दिसतं, आणि इथेच बरेच जण हात टेकतात.

त्यावर चालणारा उपाय असा. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तळाच्या ओव्हरराइड चौकटीत खूण करून खालच्या यादीत ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडायचं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की ताणाताण थांबते. मेन्यू आणि आयकॉन मुंगीएवढे होतात, पण पानाचा झूम १७० टक्के केला की पान खऱ्या आकारात येतं आणि अक्षर वीस पिक्सेलांत, स्वच्छ. मुंगीएवढ्या मेन्यूचं काय? तरंगती पॅलेट, म्हणजे हत्यारांच्या सुट्या छोट्या खिडक्या, शेजारच्या जुन्या फुल एचडी मॉनिटरवर ओढून ठेवायची. तिथला पिक्सेल मोठा असल्याने ती नेहमीच्या आकारात दिसतात. उरलेलं काम कीबोर्डच्या शॉर्टकटांनी होतं, आणि वर्षानुवर्षं याच प्रोग्रॅमवर बसलेल्यांना ते पाठच असतात. म्हणून जुना मॉनिटर विकू नये. माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना कडेला अडकतो, कारण विंडोजच्या लेखी एक २१६० पिक्सेल उंच आणि दुसरा १०८०. सेटिंग्जमधल्या चित्रात दोन्ही चौकटींचे तळ जुळवून घेतले की खालच्या अर्ध्यात तरी तो सरळ जातो.

मॅक वापरणाऱ्यांना वेगळाच प्रश्न येतो. २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून मॅकने अक्षरांच्या कडा उपपिक्सेलांनी (पिक्सेलातल्या लाल-हिरव्या-निळ्या तुकड्यांनी) गुळगुळीत करणं सोडलं, त्यामुळे क्यूएचडीवर मराठी अक्षर तिथे विंडोजपेक्षा विरळ दिसतं. मॅकला फोर-केची गरज जास्तच आहे.

आता मिळालं काय? २७ इंची पडद्याची उंची साडेतेहतीस सेंटिमीटर, ए-४ ची २९.७. म्हणजे पूर्ण ए-४ पान खऱ्या आकारात उभं मावतं आणि मेन्यूपुरती जागा उरते. डेमी अष्टमांश पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं २८ सेंटिमीटर रुंदी घेतात, बाजूला तेवढीच जागा मोकळी राहते. जुन्या पडद्यावर ९ पॉइंट वाचायला झूम २०० करावा लागे, पानाचा एक तुकडा दिसे आणि नजर सतत पान सरकवण्यात जाई. परिच्छेदाच्या शेवटी सुटी पडलेली ओळ, दोन पानांच्या तळओळी न जुळणं, या चुका तुकड्यात दिसत नाहीत. आता पान पूर्ण बघता बघताच द्ध आणि द्घ ओळखू येतात. पहिल्या दोन वाचनांसाठी छापून घ्यायचा कागद थांबला, ही बचत छोटी नाही.

फोटोच्या बाबतीत मात्र सावध राहावं. फोटो पिक्सेलास पिक्सेल बघितला तर १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जुन्या पडद्यावर ३३ सेंटिमीटर व्यापायचा, इथे साडेअठरा व्यापतो. लहान झाल्यामुळे हललेला फोटोही टवटवीत वाटतो. फोकस तपासायचा तर २०० टक्क्यांवर बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून १६०० पिक्सेलांचा फोटो आला तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तो छपाईत साडेतेरा सेंटिमीटरपर्यंतच टिकतो, पडद्यावर कितीही छान दिसो. बारीक रेघांचंही तसंच. पाव पॉइंटाची रेघ ०.०९ मिलिमीटर भरते, आणि पडदा एका पिक्सेलाहून बारीक काही काढू शकत नाही, म्हणून ती इथेही खऱ्याहून जाड दिसते. पत्रिकेच्या बॉर्डरची रेघ पडद्यावरून ठरवू नये.

रंगाशी रिझोल्यूशनचा संबंध नाही. साधा आयपीएस जातीचा पॅनेल फोर-के असो की फुल एचडी, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) हजारास एकच्या आसपास. छपाईशी ताडून बघायचं तर प्रखरता खाली आणून १२० कँडेलापर्यंत ठेवा, कारखान्याची ३०० ची सेटिंग दिवसभर डोळ्यांवर मारून घेऊ नका. पिक्सेल बारीक झाले की पॅनेलमधून प्रकाश कमी पार होतो, म्हणून मागचा दिवा जास्त वीज घेतो. पावसाळ्यापूर्वीच्या वावटळींत लाइट जाते-येते तेव्हा जुना यूपीएस पूर्वीइतका वेळ टिकत नाही, हे धरून चाला. पश्चिमेची खिडकी पाठीमागे असेल तर पडदा मॅटच घ्या, पण पांढरं पान लावून जवळून बघा. काही मॅट थर इतके खरखरीत असतात की बारीक पिक्सेलांवर वाळू शिंपडल्यासारखी चमक दिसते.

स्वस्तात ४३ इंची फोर-के टीव्ही लावावा का, असं बरेच जण विचारतात. त्याचे इंचाला १०२ पिक्सेल होतात, म्हणजे क्यूएचडीपेक्षाही कमी. बारीक मजकुराला नको.

शेवटचं प्रूफ अजून कागदावरच काढतो. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ९ पॉइंटाच्या अक्षराला ७५ ठिपके मिळतात, आणि खिडकीशी जाऊन हातात धरलेल्या त्या पानावर काकूंची लाल पेन्सिल आजही एखाद्या रफारावर जाऊन थांबते.